संशोधन लेखाचा मसुदा एआयकडून करून घेताना प्रॉम्प्ट नेमका कसा लिहावा?

प्रश्न: ‘पांझराकाठ’, साक्री तालुका

नमस्कार. मी साक्री तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि दोन वर्षांपासून पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीचा अभ्यास करतो आहे. बंधाऱ्यावरून निघणारा पाट, त्याखाली भिजणारे थळ, थळाचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घेण्याचा रिवाज, पाणी देणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार आणि उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या, अशी ही शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली व्यवस्था आज कुठे टिकून आहे आणि कुठे मोडली, हा माझा विषय आहे. चौदा शेतकऱ्यांच्या आणि दोन वृद्ध पाटकऱ्यांच्या मुलाखती वहीत उतरवलेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक अहिराणीत आहेत. पिकांच्या नोंदी आहेत, बंधाऱ्यांची मोजमापे आहेत. एवढे असूनही लेख लिहायला बसलो की पहिल्याच पानावर अडतो, म्हणून सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून एआयची मदत घेऊन पाहिली.

पहिल्या वेळी प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, म्हणून मी एवढेच लिहिले: ‘फड पद्धतीवर संशोधन लेख लिहून दे.’ उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात तमाशाचा फड आला, दुसऱ्यात उसाचा फड आला आणि पाणी तिसऱ्या परिच्छेदात उगवले. मग मी ‘धुळे जिल्ह्यातील फड सिंचन पद्धत’ असे स्पष्ट लिहिले. या खेपेला विषय बरोबर आला, पण तो मजकूर कोणत्याही नदीकाठी नेऊन ठेवला असता तरी चालला असता. ‘सामूहिक सहकार्याचे अनोखे उदाहरण’, ‘शाश्वत विकासाची गुरुकिल्ली’ अशा शब्दांनी पाने भरली होती. शेवटी सहा संदर्भ होते. ते मी आमच्या ग्रंथालयात, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन शोधले. दोन मिळाले, चार कुठेच नाहीत. त्या चारांपैकी एकातले नियतकालिक खरे होते, अंकही खरा होता, फक्त त्या अंकात तो लेख नव्हता.

तिसऱ्या वेळी ‘तू जगप्रसिद्ध जलतज्ज्ञ आहेस’ इथपासून सुरुवात करून दीड पानाचा प्रॉम्प्ट लिहिला. उत्तर लांबले, पण सुधारले नाही. सूचना मराठीत द्यावी की इंग्रजीत, संपूर्ण लेख एकदम मागावा की भागाभागाने, आणि मुलाखती त्यात घालाव्यात की नाही, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: ‘संपादन-मेज’, जळगाव

सर, मी काही वर्षे एका संशोधन पत्रिकेच्या संपादनाला हातभार लावते आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे आलेल्या लेखांत आपण वर्णन केलेला दुसऱ्या प्रकारचा मजकूर वारंवार दिसू लागल्यामुळे या प्रश्नाचा मी बराच विचार केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या प्रश्नात बंधारा आहे, पाट आहे, चौदा शेतकरी आहेत, पण आपला लेख काय म्हणतो हे एका वाक्यातही आलेले नाही. तिन्ही प्रॉम्प्टांतही ते नसावे असा माझा कयास आहे. या प्रणाली आधीच्या मजकुराला धरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे हे ठरवत लिहितात. आपण आपले काहीच दिले नाही, तर ‘सिंचन’, ‘सहकार्य’, ‘ग्रामीण’ या शब्दांच्या सोबतीला आजवर जगभर जे लिहिले गेले त्याची सरासरी हाती येते, आणि ‘अनोखे उदाहरण’ ही त्या सरासरीचीच भाषा आहे. संदर्भांचेही तेच होते. लेखकाचे शोभेलसे नाव, नियतकालिकाचे शोभेलसे नाव आणि शोभेलसे वर्ष एकत्र बसते आणि दिसायला अस्सल संदर्भ तयार होतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. ‘संदर्भ दे’ हे दोन शब्द प्रॉम्प्टमधून कायमचे काढून टाकावेत. संदर्भ आपण द्यायचे, त्याने ते फक्त जागेवर बसवायचे.

आता मूळ मुद्दा. ‘लेख लिहून दे’ हे एक काम नसून सात-आठ कामांचे गाठोडे आहे. प्रस्तावनेत वाचकाला विषयात आणायचे असते, पद्धतीच्या भागात आपण काय केले ते कोरडेपणाने सांगायचे असते, निरीक्षणांत जे दिसले तेवढेच मांडायचे असते आणि चर्चेत त्याचा अर्थ लावायचा असतो. या चारही भागांची भाषा आणि शिस्त वेगळी आहे, त्यामुळे एकाच सूचनेत ती मावत नाही. प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेली तीन पावलांची रचना मला फार उपयोगी वाटते: आधी क्षेत्र दाखवावे, मग त्या क्षेत्रात कोणती जागा रिकामी राहिली आहे ते दाखवावे, आणि मग आपला लेख ती जागा कशी भरतो ते सांगावे. ही रचना प्रॉम्प्टमध्ये शब्दशः लिहिता येते. मी आपल्या जागी असते तर प्रस्तावनेसाठी पुढीलप्रमाणे लिहिले असते:

‘खाली चार गोष्टी देत आहे: माझ्या लेखाचा एका वाक्यातला दावा, मी वाचलेल्या चार लेखांची टिपणे, मुलाखतींतील दहा उतारे (म-१ ते म-१०) आणि शब्दार्थांची यादी. यांच्या आधारे प्रस्तावनेचा सुमारे साडेतीनशे शब्दांचा मसुदा मराठीत कर. वाचक भूगोलाचे अध्यापक आहेत. त्यांना सिंचन समजते, पण फड पद्धत माहीत असेलच असे नाही. पहिल्या परिच्छेदात ही पद्धत समजावून सांग, दुसऱ्यात आजवरच्या अभ्यासातून कोणता प्रश्न सुटून गेला ते सांग, तिसऱ्यात हा लेख काय दाखवतो ते सांग. दुसऱ्या परिच्छेदासाठी माझ्या टिपणांच्या बाहेर जाऊ नकोस. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या उताऱ्यावर किंवा टिपणावर उभे आहे त्याचा क्रमांक लिही. जिथे आधार नसेल तिथे वाक्य रेटून पूर्ण न करता “आधार हवा” असे लिहून पुढे जा. एकही संदर्भ, वर्ष किंवा आकडा स्वतःहून घालू नकोस. माझ्या सामग्रीत काही परस्परविरोधी आढळले, तर लिहायला घेण्याआधी मला विचार.’

यातले ‘आधार हवा’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. या प्रणालींना रिकामी जागा सोडण्याची मुभा स्पष्टपणे दिली नाही, तर त्या जागा भरून टाकतात. मुभा दिल्यावरही प्रत्येक वेळी पाळली जाईलच असे नाही, म्हणून क्रमांक लावून घ्यायचे आणि वही समोर ठेवून एकेक क्रमांक ताडून पाहायचा. त्याला अर्धा तास लागतो, पण तो वाचवू नये.

‘जगप्रसिद्ध तज्ज्ञ’ म्हटल्याने ज्ञानात भर पडत नाही, भाषेला मात्र उगाच फुगारा येतो. लेखकाच्या मोठेपणाऐवजी वाचक कोण आहे हे सांगावे. शैलीबद्दल ‘प्रभावी’, ‘दर्जेदार’ अशी विशेषणे देण्यापेक्षा आपल्याच एखाद्या जुन्या लेखातले दोन परिच्छेद चिकटवून ‘वाक्यांची ठेवण अशी ठेव’ म्हणावे. नमुना पाहून लिहिणे या प्रणालींना वर्णन वाचून लिहिण्यापेक्षा चांगले जमते.

तेव्हा सर, आधी तेवढे एक वाक्य इथे लिहाल का? फड का मोडले, याबद्दल आपले म्हणणे काय आहे?

उत्तर २: ‘सातपुड्याची सावली’, नंदुरबार

मी पीएच.डी. करतो आहे आणि माझीही सामग्री बरीचशी अहिराणीत आहे, म्हणून भाषेच्या प्रश्नापुरते लिहितो.

अहिराणी उतारे कच्चे देऊ नका. मी एका शेतकऱ्याचे वाक्य जसेच्या तसे दिले होते: ‘मना वावरमा पानी उनं नही.’ आपल्याकडे लहान मूलही सांगेल की माझ्या शेतात पाणी आले नाही, असे तो म्हणतो आहे. मला उत्तर मिळाले ते असे की शेतात पाणी घालण्यास मनाई आहे आणि ऊन पडत नाही. ‘मना’ म्हणजे ‘माझ्या’ हे एआयला कळले नाही, ‘मनाई’ कळली, आणि ‘उनं’ म्हणजे ‘आले’ याचे त्याने ऊन केले. हे एक वाक्य मला डोळ्यांनी दिसले म्हणून सापडले. तीस पानांच्या मुलाखतींत असे किती ठिकाणी झाले असेल या विचाराने मी सगळे काम मागे घेतले आणि प्रत्येक उताऱ्याखाली स्वतः प्रमाण मराठीत अर्थ लिहिला. आता मी मूळ अहिराणी आणि माझा अर्थ असे दोन्ही देतो आणि ‘अर्थासाठी फक्त दुसरी ओळ वापर, अवतरण म्हणून पहिली ओळ अक्षरही न बदलता घे’ असे बजावतो.

शब्दार्थांची यादी वरच्या मॅडमनी सांगितलीच आहे. त्यात नुसता अर्थ न देता काय नव्हे तेही लिहावे, हा माझा अनुभव आहे. उदाहरणार्थ: ‘फड: एका बंधाऱ्याच्या थळाचा भाग, ज्यात एका हंगामात एकच पीक घेतात. तमाशाचा, कुस्तीचा किंवा उसतोडीचा फड इथे अभिप्रेत नाही.’ ‘थळ’, ‘पाटकरी’, ‘हवालदार’ यांचेही तसेच. हवालदार म्हटल्यावर त्याने पोलीस ठाणे गाठू नये.

मराठी की इंग्रजी याबाबत माझे मत असे की लेख ज्या भाषेत हवा त्याच भाषेत सूचना द्यावी. इंग्रजीत सूचना देऊन मराठी लेख मागितला की वाक्ये मराठी अक्षरांत पण इंग्रजी वळणाची येतात आणि ती सरळ करण्यात जास्त वेळ जातो. एक अडचण मात्र खरी आहे. देवनागरी मजकुराचे या प्रणाली इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, त्यामुळे तेवढाच आशय जास्त जागा खातो आणि एका वेळी देता येणाऱ्या मजकुराची मर्यादा लवकर भरते. सगळ्याच्या सगळ्या मुलाखती एकदम ओतण्याऐवजी त्या त्या भागाला लागतील तेवढेच उतारे निवडून द्यावेत. सामग्री लांब असेल तर ती आधी ठेवून सूचना सर्वांत शेवटी लिहावी. मधोमध अडकलेली सूचना दुर्लक्षित राहते, हे मी बऱ्याचदा पाहिले आहे.

उत्तर ३: ‘जुना परीक्षक’, भुसावळ

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही माझा एक मतभेद मी स्पष्टपणे नोंदवतो. प्रस्तावना, पद्धती, सारांश यांचा मसुदा यंत्राकडून करून घेण्यास माझी हरकत नाही, परंतु चर्चेचा भाग संशोधकाने स्वतःच्या हाताने लिहावा असे मला मनापासून वाटते. पस्तीस वर्षे प्रबंध वाचताना मी पाहिले आहे की विद्यार्थ्याला आपला निष्कर्ष खरोखर गवसतो तो चर्चा लिहिताना, त्याआधी नाही. दोन मुलाखती एकमेकींशी जुळत नाहीत हे वही चाळताना लक्षात येत नाही. ‘म्हणून’ हा शब्द लिहून पुढे काय लिहावे ते सुचेनासे होते, तेव्हा ते लक्षात येते. यंत्राने तिथे गुळगुळीत वाक्य घातले की अडखळण्याची ती जागाच नाहीशी होते.

म्हणून त्या भागासाठी प्रॉम्प्ट उलटा करावा. मसुदा आपण लिहावा आणि यंत्राला परीक्षकाच्या खुर्चीत बसवावे: ‘हा माझ्या लेखाचा चर्चेचा भाग आणि ही त्यामागची सामग्री. एकही वाक्य पुन्हा लिहू नकोस. जिथे माझा निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही अशी ठिकाणे दाखव. याच सामग्रीतून निघू शकेल असे दुसरे स्पष्टीकरण सांग. कडक परीक्षक कोणते पाच प्रश्न विचारील ते लिही. स्तुती करू नकोस.’ शेवटचे वाक्य आवश्यक आहे, कारण या प्रणालींचा कल लिहिणाऱ्याला बरे वाटेल असे बोलण्याकडे असतो.

आणखी दोन गोष्टी, ज्यांचा उल्लेख वर आलेला नाही. पहिली मुलाखतींविषयी. शेतकऱ्याने आपल्याशी ओट्यावर बसून बोलताना पाण्याच्या भांडणातल्या शेजाऱ्याचे नाव घेतलेले असते, गट क्रमांक सांगितलेला असतो. ते बोलणे त्याने आपल्यावर विश्वास ठेवून केलेले आहे. नाव, गाव, गट क्रमांक, नाते हे सर्व काढून केवळ सांकेतिक क्रमांक ठेवल्याखेरीज एकही उतारा बाहेरच्या प्रणालीत घालू नये, आणि शक्य असेल तर मुलाखत देणाऱ्याला तसे सांगून त्याची संमती घ्यावी.

दुसरी गोष्ट उघड सांगण्याची. प्रकाशन-नीतीसाठी काम करणारी ‘कोप’ ही आंतरराष्ट्रीय समिती आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती, या दोघींनीही २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण लेखातील मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही, आणि त्याचा वापर केला असल्यास लेखात तसे नमूद करावे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही आणि पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांवर असे कारवाईचे चढते टप्पे आहेत. साम्य-तपासणीत आकडा कमी आला म्हणजे लेख निर्दोष झाला, असे पुष्कळ तरुण अध्यापक समजतात. यंत्राने नव्याने रचलेले वाक्य कोणाशीच जुळत नाही, त्यामुळे ते तपासणीतून सहज सुटते आणि तरीही साफ चुकीचे असू शकते. म्हणून वापरलेले प्रॉम्प्ट तारखेसह एका धारिकेत जपून ठेवावेत. उद्या संपादकांनी विचारले तर दाखवता आले पाहिजेत.

‘संपादन-मेज’, जळगाव

सर, चर्चेच्या भागाबद्दल आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि मी ते आधीच लिहायला हवे होते. एवढीच पुस्ती जोडते की ज्यांना लिहिताना अडते त्यांनी चर्चा आधी कोणाला तरी तोंडी सांगावी, ती ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्यावी आणि त्या उताऱ्यावर स्वतः काम करावे. बोलताना माणूस ‘शाश्वत विकासाची गुरुकिल्ली’ म्हणत नाही.

‘पांझराकाठ’, साक्री तालुका

आपणा तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मॅडमनी मागितलेले ते एक वाक्य लिहायलाच मला चार दिवस लागले. शेवटी असे लिहिले: ‘विहिरी आणि पंप आल्यावर शेतकऱ्याचे पाटाच्या पाण्यावरचे अवलंबन कमी झाले, आणि म्हणून एका फडात एकच पीक घेण्याची शिस्त सुटली.’

त्यानंतर सर्व उताऱ्यांतून नावे काढली, प्रत्येकाखाली प्रमाण मराठीत अर्थ लिहिला, अठरा शब्दांची यादी केली आणि मॅडमचा प्रॉम्प्ट जवळजवळ तसाच वापरला. पहिल्या मसुद्यात नऊ ठिकाणी ‘आधार हवा’ आले. त्यातली सहा ठिकाणे मी वहीतून भरली. दोन विधाने काढून टाकली, कारण ती मी नुसती ऐकीव म्हणून धरून चाललो होतो. क्रमांक ताडताना एका जागी म-४ च्या नावावर म-९ चे म्हणणे टाकलेले सापडले, तेही दुरुस्त केले. मजकूर आता साधा आहे, थोडा रुक्षही आहे, पण तो पांझरेचा आहे.

राहिलेले नववे ठिकाण माझ्या दाव्याच्याच वाक्यात होते. शिवाय लिहायला घेण्याआधीच प्रणालीने मला विचारले होते की म-३ आणि म-११ यांमध्ये घटनांचा क्रम उलटा दिसतो, तो तसाच धरायचा का. मी वही उघडून पाहिली. म-३ हे त्या दोन पाटकऱ्यांपैकी एक आहेत. त्यांनी सांगितले होते की आधी पाटाला पाणी वेळेवर येईनासे झाले, आवर्तन चुकू लागले, आणि त्यानंतर ज्याला परवडले त्याने विहीर खोदली. म्हणजे विहिरींमुळे शिस्त सुटली, की शिस्त आणि पाणी दोन्ही सुटल्यामुळे विहिरी आल्या, हा प्रश्न माझ्या स्वतःच्या वहीत वर्षभर उघडा पडलेला होता आणि मी तो पाहिला नव्हता. हे वाचल्यावर मी प्रस्तावनेचा मसुदा बाजूला ठेवला.

त्या पाटकरी बाबांना काल फोन केला. ते म्हणाले, ‘फोनवर नही समजाव, बंधारावर ये.’ रविवारी सकाळी त्यांना गाडीवर घेऊन जातो आहे. कोणत्या फडातला ऊस आधी गेला आणि त्या वर्षी पाटाला किती पाळ्या मिळाल्या होत्या, हे ते जागेवर उभे राहून दाखवणार आहेत. त्यानंतर चर्चेचा भाग माझ्या हाताने लिहीन आणि भुसावळच्या सरांचा परीक्षकाचा प्रॉम्प्ट त्यावर लावीन. त्यातून जे प्रश्न निघतील ते इथेच मांडतो.